छोट्या बँडसाठी बेस अ‍ॅम्प घेताना: वॅट, ओहम आणि टॅक्सीची डिकी

माझा पहिला बेस अ‍ॅम्प (बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर) ३० वॅटचा होता. डोंबिवलीच्या आमच्या खोलीत तो असा घुमायचा की खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. काकूंच्या ठोक्यांवरून मी ठरवलं, एवढा बँडला पुरे. पुढच्या गणपतीत गिरगावातल्या एका चाळीच्या चौकात आमचा चौघांचा बँड उभा राहिला. ड्रमरने चार मोजले, आणि पुढची तीन मिनिटं मी बेस वाजवतोय हे फक्त माझ्या बोटांना कळत होतं. दुसऱ्या गाण्याला गेन (आत येणारा आवाज), मास्टर (बाहेर जाणारा आवाज) आणि बेस (खालचे सूर) असे तिन्ही नॉब उजव्या टोकाला नेले. तिसऱ्या गाण्यात स्पीकरमधून पापड मोडल्यासारखा आवाज यायला लागला. पाचव्या गाण्याला स्पीकरचा कोन (आतला कागदी पडदा) फाटला.

मग चिडून १५ इंची स्पीकरचा, तीस किलोच्या वरचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घेतला. आवाज भरपूर होता, पण तो दोन वर्षांत जेमतेम सात-आठ वेळा घराबाहेर पडला, कारण तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला दरवेळी भाऊ घरी असावा लागायचा. या दोन टोकांच्या मधे आपल्याला हवा तो अ‍ॅम्प असतो. तो शोधायला मला बरीच वर्षं लागली. तुम्हाला एखादा महिना पुरावा.

१. कुठे वाजवता ते आधी लिहून काढा

मागच्या वर्षातले आठ-दहा कार्यक्रम आठवा. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: ताल कशावर होता, आणि बेस पीएमधून (प्रेक्षकांसाठीच्या साउंड सिस्टिममधून) जात होता का. दुकानात जाण्याआधीचं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि ते कुणीच करत नाही.

मुंबईत छोटा बँड साधारण ठरावीक जागांत वाजवतो. वांद्रे-खारच्या कॅफेत एक कहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी), दोन गिटार आणि गायिका. लोअर परळच्या जुन्या मिलच्या आवारातले किंवा अंधेरीतले पब, जिथे पीए आणि सबवूफर (खालच्या सुरांचे वेगळे स्पीकर) जागेवरच असतात आणि पुष्कळदा ड्रम-अ‍ॅम्पची बॅकलाइनही (तिथलंच तयार सामान) असते. नाट्यगृहातला वाद्यवृंद, जिथे ऑक्टोपॅड, ढोलकी, कीबोर्ड सगळं मिक्सरमधून जातं. सोसायटीची कोजागिरी, हळद किंवा ३१ डिसेंबरची गच्ची, जिथे साउंडवाला स्टँडवर दोन टॉप (पीएचे वरचे स्पीकर) उभे करतो आणि ‘हो जायेगा’ म्हणतो. शिवाय दर आठवड्याची जॅमरूम (सरावाची भाड्याची खोली) आहेच.

तुमचे बहुतेक कार्यक्रम वाद्यवृंदाचे असतील तर मोठ्या अ‍ॅम्पच्या भानगडीत पडूच नका. ऑक्टोपॅडचा किकसुद्धा पीएतूनच येतो, त्यामुळे स्टेजवर ज्याच्याशी भिडायचं असा कुठलाच आवाज नसतो. एक चांगला डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडणारा छोटा डबा) आणि स्वतःला ऐकू येण्यापुरता ५० वॅटचा कॉम्बो पुरतो. उरलेल्या पैशांत बेसच्या तारा आणि पिकअप बदला. त्याने पडणारा फरक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो.

अवघड जागा गच्चीची. स्टँडवरचे १२ इंची टॉप गाण्यासाठी आणलेले असतात. त्यांत बेस घातला की गायकाचा आवाज गढूळ होतो, मग साउंडवाला गुपचूप बेसचा फेडर खाली ओढतो आणि तुम्ही पुन्हा गिरगावच्या चौकात जाऊन पोचता. अशा ठिकाणी सगळी जागा तुमच्याच अ‍ॅम्पला भरायची असते. अ‍ॅम्प निवडायचा तो यादीतल्या अशा सगळ्यात वाईट कार्यक्रमाच्या हिशेबाने, फक्त तसे कार्यक्रम वर्षातून तीन-चार तरी व्हायला हवेत. एखादाच होत असेल तर त्या दिवसापुरता भाड्याने आणलेला परवडतो.

कार्यक्रम ठरला की साउंडवाल्याला फोन करून विचारायची सवय लावून घ्या: ‘सब आणताय का? किती? बेससाठी डीआय आहे का?’ या तीन प्रश्नांत तुमचं अर्धं ओझं कमी होतं.

२. ड्रमर किती जोरात वाजवतो?

गिटारवाल्याला आपण डोळे वटारून आवाज कमी करायला लावू शकतो. स्नेअरला नॉब नसतो. ड्रमर काठ्यांनी मोकळेपणी वाजवायला लागला की ड्रमजवळ आवाज १०० डेसिबलच्या सहज वर जातो, आणि छोट्या जागेत बेसला गाठायचा असतो तो हाच आवाज. म्हणून माझा आडाखा ड्रमवरून बांधलेला आहे.

कहोन किंवा ब्रशवरचे ड्रम असतील तर ४० ते ६० वॅट आणि १० इंची स्पीकर चालतो. काठ्या, एक गिटार आणि सबवूफरसह पीए असेल तर १०० ते २०० वॅट, कारण तिथे अ‍ॅम्प तुमच्या आणि ड्रमरच्या कानांसाठी असतो. काठ्या असतील, गिटारवाल्याचा अ‍ॅम्प तापलेला असेल आणि बेस पीएत नसेल, तर ३०० ते ५०० वॅट आणि १० किंवा १२ इंचाचे दोन स्पीकर. ड्रमर मेटलवाला असेल तर यातली वरची पायरी धरा.

‘गिटारवाल्याचा ३० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प आख्खा पब हलवतो, मग मला ३०० कशाला?’ हे मी प्रत्येक नव्या बेसवाल्याच्या तोंडून ऐकलंय. उत्तर कानात आणि पदार्थविज्ञानात आहे. बेसची सगळ्यात जाड, मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. पाच तारांच्या बेसची बी तार ३१ वर. आपला कान खालच्या सुरांना मठ्ठ असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं की खालचा सूर मधल्या सुराइतका मोठा वाटायला हवा असेल तर प्रत्यक्षात कितीतरी जास्त आवाज निर्माण करावा लागतो. शिवाय ट्यूब अ‍ॅम्प मर्यादेबाहेर गेला की गिटारचा आवाज गोड फाटतो आणि तेच गिटारवाल्याला हवं असतं. बेस फाटला की नुसता चिखल होतो. म्हणून गिटारच्या किमान चौपट, आणि स्वच्छ आवाज हवा असेल तर दहापट वॅट धरून चाला.

३. वॅटचं गणित, एकदाच नीट

वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला ही वाढ कळते, पण जेमतेम. आवाज दुप्पट मोठा ‘वाटायला’ साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातली अर्धी जाहिरात गळून पडते. २०० आणि २५० वॅटच्या दोन अ‍ॅम्पमधला फरक १ डेसिबलच्या आसपास आहे. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ३० वरून ३०० वर जाणं ही खरी उडी.

मग एवढे वॅट आपण सतत वापरतो का? अजिबात नाही. निवांत चाललेल्या गाण्यात ३०० वॅटचा अ‍ॅम्प सरासरी २०-३० वॅटच देत असेल. पण बेसची तार ओढताक्षणी, किंवा स्लॅपमध्ये अंगठा आदळताक्षणी, आवाज सरासरीच्या १०-१५ डेसिबल वर उसळी घेतो. १० डेसिबलची उसळी म्हणजे त्या क्षणापुरते दहापट वॅट. सरासरी ३० असेल तर उसळीला ३०० हवेत. ते नसतील तर उसळीचा शेंडा कापला जातो. त्यालाच क्लिपिंग म्हणतात. वॅट मोजून घ्यायचे ते या उसळीसाठी.

बेसच्या नॉबचं गणित याहून महाग आहे. खालचे सूर ६ डेसिबलने उचलले की त्या पट्ट्यात चौपट वॅट लागतात, १० डेसिबलने उचलले की दहापट. चौकात मी नेमकं हेच केलं होतं. अ‍ॅम्प आधीच धापा टाकत होता आणि मी त्याच्या पाठीवर आणखी गोणी चढवली. स्पीकरचा कोन झेपेल त्यापेक्षा लांब पुढे-मागे जायला लागला आणि कडेला फाटला.

डब्यावर लिहिलेला आकडा कुठला, तेही बघा. आर.एम.एस. किंवा कंटिन्युअस असं लिहिलेलाच धरायचा. ‘पीक’ आकडा साधारण दुप्पट फुगलेला असतो. आपल्या पिढीला पीएमपीओ आठवत असेल: हातात मावणाऱ्या टू-इन-वनवर मोठ्या अभिमानाने चिकटवलेला हजारो वॅटचा स्टिकर. तो आकडा वाचून हसायचा असतो.

४. स्पीकर बघा, मग पुन्हा स्पीकर बघा

वॅटवर लोक तासभर भांडतील, पण स्पीकरची सेन्सिटिव्हिटी कुणी विचारत नाही. १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. एका कॅबचा (म्हणजे स्पीकरच्या पेटीचा) ९४ आणि दुसऱ्याचा ९७ असेल, तर दुसरा कॅब निम्म्या वॅटमध्ये तेवढाच वाजतो. म्हणजे ९७ च्या कॅबवर २५० वॅट आणि ९४ च्या कॅबवर ५०० वॅट एकाच तोलाचे. आकडे कंपनीने प्रामाणिकपणे छापले आहेत असं गृहीत धरून, अर्थात.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. माझ्या ३० वॅटवाल्याच्या स्पीकरचा आकडा ९३ धरला, तर १ मीटरवर फार तर १०८ आणि चार मीटरवर ९६. तेही मधल्या सुरांचं. ४१ हर्ट्झवर त्याहून बरंच कमी. चौकात भिंती लांब आणि वर आकाश, म्हणजे परत येणारा आवाजही नाही. आता हिशेब मांडला की हसू येतं, तेव्हा रडू आलं होतं.

‘दहा इंची चपळ, पंधरा इंची खोल’ हे ऐकीव वाक्य फार मनावर घेऊ नका. पेटीचा आकार, पोर्ट (पेटीचं हवेचं भोक) आणि स्पीकरची बनावट यांचा परिणाम इंचांहून मोठा असतो. मोजायचं ते एकूण क्षेत्रफळ आणि कोन किती हवा ढकलतो ते. तेवढेच वॅट एका स्पीकरऐवजी तसल्याच दोन स्पीकरांना वाटून दिले तर खालच्या सुरांत ३ डेसिबलच्या जवळपास फायदा होतो, आणि प्रत्येक स्पीकरवरचा ताण निम्मा होतो. १९६९ मध्ये अ‍ॅम्पेगने ३०० वॅटचा एसव्हीटी हा बेस अ‍ॅम्प काढला तो १० इंचाच्या आठ-आठ स्पीकरांच्या दोन कॅबसह, तो याच कारणासाठी. त्याचा नुसता आठ स्पीकरांचा कॅब साठ किलोच्या वर भरतो. चाळीच्या जिन्यात अडकलेला तो कॅब डोळ्यांसमोर आणा आणि पुढे चला.

गिटारच्या अ‍ॅम्पमधून बेस वाजवू नका, ‘आजच्या दिवस’ही नाही. त्याचा स्पीकर एवढी ये-जा करायला बनवलेलाच नसतो. कीबोर्डचा अ‍ॅम्प मात्र अडीनडीला चालतो.

५. ओहम

इथे गडबड झाली तर धूर येतो, म्हणून सावकाश वाचा. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला विरोध; आकडा जितका कमी, तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त. हेडच्या (म्हणजे स्पीकर नसलेल्या नुसत्या अ‍ॅम्पच्या) मागे ‘मिनिमम ४ ओहम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८ ओहमचा एक कॅब लावला तर भार ८. तसेच दोन कॅब लावले तर भार ४, म्हणजे बरोबर मर्यादेवर. ४ ओहमचे दोन लावले तर २, आणि बहुतेक हेड तिथे गरम होऊन बंद पडतात किंवा कायमचे जातात.

ट्रान्झिस्टर आणि क्लास डी (हलक्या, नव्या बनावटीचे) अ‍ॅम्प ८ ओहमवर पूर्ण ताकद देत नाहीत. मार्कबासचा लिटल मार्क थ्री ४ ओहमवर ५०० वॅट देतो, ८ वर ३००. फेंडरचा रंबल ५०० हा कॉम्बो स्वतःच्या स्पीकरवर ३५० वॅट देतो. बाहेरचा ८ ओहमचा कॅब जोडला की ५०० होतात. नुसत्या वॅटचा फरक दीड डेसिबलचाच, खरा फायदा वाढलेल्या स्पीकरांचा. म्हणून माझा सल्ला: पहिला कॅब ८ ओहमचाच घ्या, म्हणजे पुढेमागे जोडीला दुसरा घेता येतो.

ट्यूब हेड असेल तर स्पीकर न जोडता ते कधीही चालू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

हेड आणि कॅबमधली वायर स्पीकरचीच हवी, शक्यतो स्पीकॉनची (फिरवून बसणाऱ्या स्पीकर-प्लगची). बेसची कॉर्ड (बेस अ‍ॅम्पला जोडणारी वायर) दिसायला तशीच असते, पण आत तार बारीक असते आणि मोठ्या प्रवाहाने तापते. लॅमिंग्टन रोडवर स्पीकॉनचे प्लग आणि जाड वायर सुटी मिळते. डागकाम येत नसलं तरी हरकत नाही, बऱ्याच स्पीकॉनमध्ये स्क्रूने वायर बसते.

६. उचलून बघा

मुंबईकराने अ‍ॅम्प घेताना स्वतःचा प्रवास डोळ्यांसमोरून घालवावा. लोकल असेल तर मालडबा. टॅक्सी असेल तर आधी डिकी उघडायला सांगा. आपल्या बहुतेक टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी बसलेली असते, आणि दोन स्पीकरांचा कॅब तिच्यापुढे मावत नाही. मग तो मागच्या सीटवर बसतो, तुम्ही पुढे, आणि गिटारवाला दुसऱ्या टॅक्सीने. रिक्षात मोठा अ‍ॅम्प कसाबसा कोंबता येतो, पण रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पलीकडे दक्षिणेला जात नाही. ठाण्याहून लोअर परळला निघालात तर वाटेत एकदा सामान उतरवून पुन्हा चढवणं आलं.

क्लास डीने बेसवाल्यांचं आयुष्य बदललं ते याच बाबतीत. ५०० वॅटचं हेड आता दोन-तीन किलोत येतं, खांद्यावरच्या पिशवीत मावतं. (डी म्हणजे डिजिटल, हा गैरसमज. ए, बी, सी झाल्यावर पुढचं अक्षर, एवढंच.) निओडिमियम चुंबकाचे स्पीकरही हलके असतात. फेंडरचा रंबल १०० साधारण १० किलोचा आहे, रंबल ५०० साडेसोळा किलोच्या आसपास. आवाजाचा आणि पाठीचा हिशेब मला या १० ते १७ किलोच्या पट्ट्यात जुळलेला दिसतो.

कॉम्बो की हेड आणि कॅब? तुम्ही बहुतेक पबमध्ये वाजवत असाल तर हेड घ्या. तिथल्या कॅबला आपलं हेड जोडायचं (ओहम विचारून!), आवाज आपला आणि ओझं दोन किलोचं. गच्ची आणि सोसायट्या जास्त असतील तर बाहेर कॅब जोडायची सोय असलेला कॉम्बो बरा. मी स्वतः हेडकडे वळलो. कॅब एका सभासदाच्या तळमजल्यावरच्या घरी ठेवतो, त्याला महिन्याला एक वडापाव पार्टी.

७. मागची बाजू

पाठीमागे एक्सएलआर डीआय आउट (मिक्सरला जाणारं तीन पिनांचं सॉकेट) असलाच पाहिजे, नसेल तर तो अ‍ॅम्प विसरा. त्याच्याजवळ प्री-पोस्टचा स्विच असावा. प्रीवर ठेवलं की तुम्ही स्टेजवर टोन कितीही फिरवा, साउंडवाल्याकडे जाणारा आवाज बदलत नाही आणि तो तुमच्यावर ओरडत नाही. ग्राउंड लिफ्टचं बटण हम (विजेची गुणगुण) घालवायला लागतं. घरी सरावाला हेडफोनची जागा असली की खालच्या काकूही खूश. इफेक्ट्स लूप, ब्लूटूथ, चाळीस अ‍ॅम्प मॉडेल्स यांवर मी एक रुपयाही जास्त देणार नाही.

पाच तारांचा बेस असेल तर हाय-पास फिल्टर शोधा. ३०-४० हर्ट्झच्या खालची हालचाल कानाला फारशी ऐकू येत नाही, पण स्पीकर तिच्यावर दमतो. ती कापली की तोच अ‍ॅम्प मोठा वाटायला लागतो.

८. दुकानात

त्याआधी एक फुकटची चाचणी. दोन-तीन वेगवेगळ्या जॅमरूममध्ये आपल्या ड्रमरसोबत तासभर वाजवा. तिथल्या बेस अ‍ॅम्पचं मॉडेल, वॅट आणि तुम्ही समाधानी झालात तेव्हा नॉब कुठे होते ते फोनवर टिपून ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या: मास्टर अर्ध्यावर म्हणजे ताकद अर्धी, असं नसतं. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये सगळा आवाज नॉबच्या पहिल्या अर्ध्या फेरीतच येऊन जातो. तिथून पुढे नुसती फाटाफूट.

दुकानात स्वतःचा बेस आणि स्वतःची कॉर्ड घेऊन जा. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत शनिवारी संध्याकाळी गेलात तर शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी दुकानातली सगळ्यात महाग गिटार सर्वात जोरात वाजवत असतं. मंगळवारी सकाळी जा.

विक्रेता अ‍ॅम्प लावून देईल तेव्हा बेस आणि ट्रेबल दोन्ही चढवलेले असतील आणि मधले सूर पाडलेले. एकट्याने वाजवलं की हा आवाज फार श्रीमंत वाटतो. ‘भाऊ, पोटात जाणवतंय ना?’ जाणवतं, पण बँडमध्ये तोच आवाज गायब होतो. खालचा भाग किक ड्रम खातो, वरचा भाग झांजा खातात, आणि बेसचे सूर ओळखू येतात ते २०० ते ८०० हर्ट्झच्या ज्या पट्ट्यात, तोच तुम्ही पाडून बसलेले असता. सगळे नॉब बाराच्या काट्यावर आणा. गेन एवढा चढवा की तुमच्या सगळ्यात जोरकस सुराला क्लिपचा दिवा क्षणभर लुकलुकेल. मग मास्टर हळूहळू वर.

आता मोकळी ई तार वाजवा आणि तशीच वाजू द्या. पेटीतून काही खडखडतंय का? कधी हँडल असतं, कधी जाळी, कधी ढिला स्क्रू. स्पीकर असेल तर नको. त्यानंतर ई तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक सूर सारख्या जोराने चढत जा. एखादा सूर अचानक फुगतो, एखादा बसतो. थोडं खोलीमुळे होतं: ४१ हर्ट्झची लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते, ती दुकानात पुरती मावतही नाही. म्हणून जागा बदलून पुन्हा वाजवा. जागा बदलली तरी तोच सूर बसत असेल, तर दोष पेटीचा.

मग लांब कॉर्ड मागा आणि तीन-चार मीटर मागे जा. अ‍ॅम्पला चिकटून उभं राहिलं की वरचे सूर गुडघ्यांना लागतात, कानांना नाही, आणि आवाज निष्कारण मंद वाटतो. शेवटी बेसचा नॉब पूर्ण खाली करून एखादी ओळखीची चाल वाजवा. तरीही प्रत्येक सूर वेगळा आणि भरीव ऐकू आला, तर स्पीकर चांगला आहे. या एका चाचणीने मी दोन महागडे अ‍ॅम्प परत ठेवले आहेत.

तारा दाबून धरा आणि नुसता हम व पंख्याचा आवाज ऐका. कॅफेत दोन गाण्यांच्या मधे तोच ऐकू येतो.

९. जुना घेताना

बेस अ‍ॅम्प जुना घ्यायला उत्तम, कारण घरी वापरलेले बरेच अ‍ॅम्प खऱ्या अर्थाने वापरलेलेच नसतात. चालू करून किमान अर्धा तास वाजवा. काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. जाळी निघत असेल तर काढा, दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हलक्या, समान दाबाने आत ढकला. घासल्याची खरखर आली तर कॉइल गेलेली आहे. नॉब फिरवताना कुरकुर आली तर घाबरू नका, स्प्रेने साफ होते. डीआय आउट मात्र मिक्सरला लावूनच तपासा. फुकटात मिळालेला अ‍ॅम्पही डीआयशिवाय महाग पडतो.

अमेरिकेहून कुणाच्या मामाने आणलेला अ‍ॅम्प दिसला तर पाठीमागचा व्होल्टेज आधी वाचा. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टला लावला तर पहिल्या सेकंदात खेळ खलास. काही क्लास डी हेड दोन्ही घेतात, काहींना मागे स्विच असतो, काहींना काहीच नसतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण पुरेशा ताकदीचा घेतला तर तोही चांगला जड असतो; मग हलक्या अ‍ॅम्पचा उपयोग काय?

१०. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी

मांडवातली वीज हा स्वतंत्र विषय आहे. टेस्टर आणि साधा मल्टिमीटर पिशवीत ठेवा. जनरेटर असेल तर अ‍ॅम्प लावण्याआधी व्होल्टेज मोजा. अर्थिंग नसलं की हम येतो, आणि कुणीतरी शहाणा थ्री-पिनची जाड पिन काढून टाकायचा सल्ला देतो. कधीही ऐकू नका. माइकला ओठ आणि बेसच्या तारांना हात, एवढ्यात जोरदार झटका बसू शकतो. गाण्याआधी मल्टिमीटरने तारा आणि माइकची जाळी यांच्यातला व्होल्टेज बघा. काही व्होल्टच्या वर दिसला तर वायरमनला बोलवा, तोवर हात लावू नका. लाइटच्या डिमरच्या बोर्डावरून अ‍ॅम्पला वीज घेऊ नका, गुणगुण तिथूनच येते.

अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवला तर जमीन आणि दोन भिंती मिळून खालचे सूर फुकटात वाढवतात. वॅट कमी असतील तेव्हा हा जुना उपाय. आवाज घुमायला लागला तर भिंतीपासून पुढे ओढा. लाकडी पोकळ स्टेज स्वतःच ढोलासारखं वाजतं. तिथे खाली जाड फोम टाका किंवा अ‍ॅम्प खुर्चीवर चढवा. छोटा कॉम्बो मागे कलता ठेवला की आवाज कानांकडे येतो, आणि अनेकदा तेवढ्यानेच ‘मोठा अ‍ॅम्प हवा’ ही तक्रार मिटते.

वेळेचंही बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद; सरकार वर्षातले ठरावीक सणाचे दिवस तेवढे मध्यरात्रीपर्यंत सोडतं. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. धोबी तलावच्या रंगभवनात एके काळी रॉकच्या कार्यक्रमांना तुडुंब गर्दी व्हायची, ते या शांतता क्षेत्रापायीच थांबले. तेव्हा साउंडचेक सातला उरका, नऊला सुरू करून तासाभरात नीट वाजवणं शक्य नसतं.

साउंडचेकला बेस दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, ड्रमरला वाजवत ठेवा आणि स्वतः शेवटच्या रांगेपर्यंत चालत जा. आमच्याकडे हे काम कीबोर्डवाला करतो. त्याला दोनच सूर येतात, पण तेवढे पुरतात. परत येताना मी मास्टर जवळजवळ दरवेळी थोडा खालीच आणतो, आणि मधले सूर एक चिमूट वर.